सुवर्णभूमीतील मरण आणि माती

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ‘टूमस्टोन’ नावाचे एक गाव आहे. टूमस्टोन म्हणजे थडग्यावरचा दगड. १८७७ साली एड शिफेलिन नावाचा एक मनुष्य त्या ओसाड डोंगरात धातूच्या शोधार्थ एकटाच हिंडू लागला, तेव्हा जवळच्या छावणीतील सैनिकांनी त्याची थट्टा केली की, या मुलखात तुला स्वतःच्या थडग्याच्या दगडाखेरीज दुसरा कोणताही दगड गवसणार नाही. शिफेलिनला चांदी गवसली. त्याने आपल्या पहिल्या दाव्याला सैनिकांच्या त्या थट्टेचेच नाव दिले आणि पुढे गावालाही तेच चिकटले. खाणीच्या शोधात निघालेल्या माणसाशी मरणाची सलगी किती निकटची होती, हे त्या एका नावावरून ध्यानात येते.

सुवर्णशोधाचा इतिहास बहुधा सापडलेल्या सोन्याच्या हिशेबाने लिहिला जातो. किती औंस निघाले, कोण कोट्यधीश झाला आणि कोणाचे दिवाळे वाजले, एवढ्यावर तो संपतो. परंतु त्याच डोंगरांच्या उतारांवर दुसरीही एक जमाखर्चाची वही उघडी पडलेली आहे. ती म्हणजे तेथील स्मशाने. घरदार सोडून हजारो मैलांवर गेलेला मनुष्य मरण पावला, तर त्याची माती कोणी करावयाची, खर्च कोणी सोसावयाचा, चार शब्द कोणी म्हणावयाचे आणि त्याच्या माणसांना कोणी कळवावयाचे? या प्रश्नांची उत्तरे त्या समाजाने कशी शोधली, हे पाहण्याचा आमचा येथे विचार आहे. नोकरीनिमित्त आपला मुलूख सोडून राहणाऱ्या वाचकांस हा विषय अगदीच परका वाटू नये.

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे, सटर याच्या लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल यास सोन्याचे कण दिसले. पुढील सात-आठ वर्षांत सुमारे तीन लक्ष माणसे त्या प्रदेशात लोटली. त्यांत बहुतेक तरुण पुरुष होते. १८५० च्या शिरगणतीत कॅलिफोर्नियातील स्त्रियांचे प्रमाण शेकडा आठच्या आसपास होते आणि खाणींच्या भागात तर ते त्याहूनही कमी. ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण त्या काळी पूर्व अमेरिकेत मृत्यू ही घरातील आणि विशेषतः घरातील स्त्रियांची बाब होती. आजाऱ्याची शुश्रूषा, अखेरच्या शब्दांचे श्रवण, प्रेताला स्नान घालणे, वस्त्र नेसवणे, रात्रभर जागणे ही सारी कामे आई, पत्नी, बहीण, शेजारीण करीत. आप्तांच्या देखत, ईश्वराचे स्मरण करीत आलेले मरण ते चांगले मरण, अशी त्या लोकांची दृढ समजूत होती. सुवर्णभूमीत यांपैकी एकही गोष्ट हाताशी नव्हती. प्रथा होत्या, पण त्या पाळणारी माणसे दोन हजार मैल मागे राहिली होती.

पहिली कसोटी वाटेवरच लागली. मिसुरी नदीपासून कॅलिफोर्नियापर्यंतचा खुष्कीचा प्रवास बैलांच्या गाड्यांनी करावा लागे. १८४९ आणि १८५० या दोन्ही वर्षी त्या वाटेवर पटकीने थैमान मांडले. सकाळी धडधाकट असलेला मनुष्य सायंकाळी गतप्राण होई आणि हिमवर्षावाच्या आत डोंगर ओलांडावयाचा असल्याने तांड्याला थांबण्यास सवड नसे. शवपेटीसाठी लाकूड कोठले? कधी गाडीच्याच फळ्या काढीत, कधी नुसत्या घोंगडीत गुंडाळून मूठमाती देत. कोल्ह्या-लांडग्यांनी प्रेत उकरू नये म्हणून कित्येकदा कबर ऐन वाटेवरच खणीत आणि बुजविल्यावर तिच्यावरून सगळ्या गाड्या हाकीत. त्यामुळे माती घट्ट बसे, परंतु खूणही पुसली जाई. आप्ताच्या कबरीवरून आपणच चाके फिरवावयाची, यापरते कठोर प्रेम ते कोणते! जेथे खूण ठेवणे शक्य असे तेथे फळीवर किंवा रानरेड्याच्या हाडावर नाव आणि तारीख लिहून ठेवीत. मागून येणारे तांडे ती हाडे वाचीत पुढे जात.

शहरांचीही गत बरी नव्हती. ऑक्टोबर १८५० मध्ये सॅक्रामेंटो येथे पटकी आली, ती कॅलिफोर्निया संयुक्त संस्थानांत सामील झाल्याची आनंदवार्ता आणणाऱ्या बोटीबरोबर. सुमारे तीन आठवड्यांत आठशे ते हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. बहुतेक नगर ओस पडले. पळून न जाता शुश्रूषेस राहिलेल्या वैद्यांपैकी सतरा जण मृत्यू पावले. सटर याने दिलेल्या जागेवर वर्षभरापूर्वीच जी दफनभूमी सुरू झाली होती, तीत मोठाले खड्डे खणून एकेका खड्ड्यात अनेकांना एकत्र पुरावे लागले.

खाणीच्या वस्तीत मरण आले म्हणजे प्रथम पुढे होई तो मृताचा भागीदार. दोघे-तिघे मिळून एक दावा खणीत, एका तंबूत राहत आणि एका तव्यातले खात. हा भागीदार तेथे सख्ख्या भावाच्या जागी मानला जाई. तोच प्रेत धुई, खड्डा खणी, मृताच्या चीजवस्तूंचा वस्तीत लिलाव करून देणी फेडी आणि उरलेली रक्कम, कधी केसांची एक बट, मृताच्या घरी पाठवी. त्याबरोबर एक पत्र लिहावे लागे. अशा पत्रांचा एक ठराविक साचा होता. आजार कोणता, उपचार काय केले, अखेरपर्यंत शुद्ध होती की नाही, आईची आठवण काढली की नाही, ईश्वराचे नाव घेतले की नाही, हे सारे त्यात क्रमाने येई. घरच्यांना आपल्या मुलाच्या मरणशय्येशी बसता आले नाही. ती उणीव पत्राने भरून काढावयाची असे. ज्यांनी आयुष्यात चार ओळी धड लिहिल्या नव्हत्या, त्यांनीही ही पत्रे लिहिली.

वस्तीतील एका अंत्यविधीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन लुईझ क्लॅप या बाईंनी लिहून ठेवले आहे. फेदर नदीकाठच्या रिच बार आणि इंडियन बार या वस्त्यांतून १८५१-५२ मध्ये बहिणीला लिहिलेली त्यांची पत्रे पुढे ‘शर्ली’ या टोपणनावाने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मासिकात छापली गेली. रिच बारला मोजून चार स्त्रिया होत्या. त्यांपैकी एक, लहान मुलांची आई, चार दिवसांच्या आजाराने वारली. लोण्याच्या दोन पिंपांवर फळी ठेवून तीवर प्रेत निजविले होते. शेजारी बिनरंगाच्या देवदाराची, आतून पांढरे कापड लावलेली पेटी. सुमारे वीस पुरुष आणि उरलेल्या तीन स्त्रिया जमल्या. धर्मोपदेशक नव्हता, कोणीतरी आयत्या वेळी सुचेल तशी प्रार्थना म्हटली. पेटीवर घालावयास काळे वस्त्र कोठून आणणार? शेजारच्या जुगाराच्या अड्ड्यातील पत्त्यांच्या मेजावरचे गर्द कापड उसने आणून ते पेटीवर पसरले. जुगाराच्या कापडाखालून एका सालस गृहिणीची अंत्ययात्रा निघाली, याला पावित्र्यभंग म्हणावयाचे की पावित्र्याची ओढ म्हणावयाचे? आम्हांस तरी ती ओढच वाटते. काहीच झाकले नसते तरी कोणी विचारणार नव्हते. असे असूनही कोणाला तरी उघडी पेटी बरी दिसली नाही.

अर्थात सोन्याचा मोह स्मशानाच्या दारीही सुटत नसे, हे सांगणाऱ्या आख्यायिकाही आहेत. कबरीपाशी प्रार्थना लांबली, गुडघे टेकून बसलेल्यांपैकी एकाने सहज माती चिवडली, तीत सोने चमकले. उपदेशकाने डोळे उघडून कारण विचारले आणि कळताच तेथल्या तेथे विधी आटोपून तोही सर्वांबरोबर दावा रोवावयास धावला. प्रेत मात्र दुसरीकडे पुरावे लागले. ही गोष्ट कॅलिफोर्नियातील कार्सन क्रीक येथे घडली असे सांगतात, तर कोलोरॅडोतील लेडव्हिल येथे चांदीच्या संदर्भात तिच्याच बहिणीसारखी दुसरी सांगतात. एकच गोष्ट अनेक ठिकाणी नांदते तेव्हा ती घटना म्हणून नव्हे, तर कबुलीजबाब म्हणून वाचावी. आपल्या मनात काय चालते हे त्या लोकांना ठाऊक होते आणि त्यावर हसण्याइतका प्रांजळपणाही त्यांच्यापाशी होता.

नेवाडातील व्हर्जिनिया सिटी हे गाव १८५९ च्या चांदीच्या शोधानंतर वाढले. तेथील दफनभूमीत पहिल्या सव्वीस कबरी खून झालेल्या माणसांच्या होत्या, असे मार्क ट्वेन १८७२ मधील आपल्या ‘रफिंग इट’ या ग्रंथात म्हणतो. त्याच्या विनोदाला शोभेलसेच ते विधान आहे आणि पिस्तुलबाजीच्या चित्रपटांनी पुढे तीच समजूत जगभर पसरविली. वास्तविक खाणकामगार गोळीने मरत त्याहून कितीतरी अधिक संख्येने हगवणीने, हिवतापाने, फुप्फुसाच्या विकारांनी आणि दरडीखाली सापडून मरत. ७ एप्रिल १८६९ रोजी व्हर्जिनिया सिटीला लागूनच असलेल्या गोल्ड हिल येथील ‘यलो जॅकेट’ खाणीत सुमारे आठशे फूट खोलीवर आग लागली. धूर शेजारच्या दोन खाणींतही शिरला आणि किमान ३५ माणसे गुदमरून मेली. काहींची प्रेते कधीच वर आली नाहीत. आग विझविण्यासाठी खाणीची तोंडे बंद करावी लागली, तीच त्यांची कबर झाली.

अशा ठिकाणी एकट्या भागीदाराच्या स्नेहावर भागण्याजोगे नव्हते. म्हणून त्याची जागा संस्थांनी घेतली. ‘ऑड फेलोज’ या बंधुसंघाच्या ध्येयवाक्यातच आजाऱ्याची भेट घेणे, पीडितास साहाय्य करणे, मृतास पुरणे आणि अनाथास शिकविणे ही चार कर्तव्ये सांगितलेली आहेत. फ्रीमेसन लोकांची मंडळे होती, अग्निशामक दलाची पथके होती आणि १८६६-६७ पासून गोल्ड हिल व व्हर्जिनिया सिटी येथे खाणकामगारांचे संघ उभे राहिले. वर्गणी भरलेल्या सभासदाला आजारात मदत मिळे आणि तो मेल्यास पेटी, जागा, वाद्ये आणि मागून चालणारी शेदोनशे माणसे मिळत. ज्याचा या मुलखात एकही नातलग नाही, त्यालाही आपल्या मातीला कोणी येईल याची शाश्वती असे. महिन्याची वर्गणी म्हणजे एका अर्थी खांदेकऱ्यांचीच बेगमी होती.

परंतु संस्था आली की कुंपण आले. व्हर्जिनिया सिटीच्या टेकडीवर प्रत्येक मंडळाचे आवार निराळे, कॅथॉलिकांचे निराळे. आणि काही माणसे कुंपणाबाहेरच. जूलिया ब्यूलेट ही तेथील वेश्या अग्निशामक पथकाची मोठी हितचिंतक होती. जानेवारी १८६७ मध्ये तिचा खून झाला, तेव्हा त्या पथकाने वाद्ये लावून तिची मोठी अंत्ययात्रा काढली. तथापि प्रतिष्ठितांच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली नाही. दूरच्या एका टेकडीवर तिला पुरण्यात आले. मागून चालावयास गाव तयार होता, शेजारी झोपावयास तयार नव्हता.

प्रतिष्ठेचे हे माप किती चंचल असते, याचा एक दाखला पाहण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेवरील बोडी हे गाव ज्याच्या नावाने वसले, तो डब्ल्यू. एस. बोडी १८५९ च्या हिवाळ्यात सामान घेऊन परतताना बर्फाच्या वादळात सापडून मेला. बर्फ वितळल्यावर त्याचे प्रेत सापडले, तेथेच ते पुरले गेले आणि सारे त्याला विसरले. वीस वर्षांनी गाव भरभराटीस आले तेव्हा लोकांना संस्थापकाची आठवण झाली. १८७९ मध्ये त्याच्या अस्थी उकरून थाटाने पुन्हा पुरल्या आणि एक स्मारकशिला घडवावयास दिली. शिला तयार होण्याच्या सुमारास, १८८१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचा गोळी लागून अंत झाला. गावकऱ्यांनी शिलेवर गारफील्ड यांचे नाव कोरून टाकले! गारफील्ड यांचे दफन दूर ओहायोमध्ये आहे. आणि ज्या गरिबासाठी दगड घडला त्याच्या वाट्याला गावाचे नाव तेवढे आले. १८६२ साली नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ मध्ये, ते ओस पडलेले गाव राज्याने संरक्षित उद्यान म्हणून घेतले. ती शिला तेथील दफनभूमीत अजून उभी आहे.

मेक्सिकोहून आलेल्या खाणकामगारांची रीत निराळी होती. कॅलिफोर्नियातील ‘ऑर्निटोस’ या गावाच्या नावाचा अर्थ ‘लहान भट्ट्या’ असा होतो. जमिनीवरच दगडामातीने बांधलेल्या, भाकरीच्या भट्टीसारख्या दिसणाऱ्या तेथील जुन्या कबरींवरून ते नाव पडले. दरवर्षी नोव्हेंबरच्या आरंभी, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी, तेथे मेणबत्त्या घेऊन लोक दफनभूमीकडे जात. आपल्याकडील सर्वपित्री अमावास्येची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

आणि ज्यांची ही भूमी होती, त्यांचे काय? कोलोमाच्या परिसरातील निसेनान लोक मृतांचे दहन करीत आणि पुढे वार्षिक शोकविधीत मृतांच्या नावे वस्तू अग्नीला अर्पण करीत. गोऱ्या खाणवाल्यांना ते रानटीपणाचे वाटे. आपणांस मात्र त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दीड लक्ष मूळ रहिवासी होते. १८७० च्या सुमारास तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तल ही त्याची कारणे. त्या मृतांचे विधी करावयास कित्येक ठिकाणी कोणी मागेच राहिले नाही. सुवर्णभूमीतील सर्वांत मोठे स्मशान हेच होय, आणि त्यावर एकही फळी नव्हती.

आता चिनी लोकांकडे वळू. कँटनच्या परिसरातून आलेल्या या लोकांनी कॅलिफोर्नियाला ‘सुवर्णपर्वत’ असे नाव दिले होते. १८५२ या एका वर्षात त्यांच्यापैकी सुमारे वीस हजार जण आले. परदेशी खाणकामगारांवरील कर, मारहाण, दाव्यांवरून हुसकावणे हे त्यांच्या नित्याचे झाले. परंतु त्यांना सर्वांत मोठे भय होते ते परमुलखात हाडे पडण्याचे. ज्याच्या कबरीवर वंशज अन्नोदक ठेवीत नाहीत, त्याचा आत्मा भुकेला भटकतो, अशी त्यांची श्रद्धा. यावर त्यांनी जी व्यवस्था उभारली तिला इतिहासात तोड नाही. एकेका जिल्ह्यातील लोकांनी आपापले संघ स्थापले. मनुष्य मेला की त्याला उथळ खड्ड्यात पुरीत आणि त्याचे नाव-गाव लिहिलेली वीट किंवा बाटलीत घातलेली चिठ्ठी त्याच्याबरोबर ठेवीत. काही वर्षांनी संघाचे माणूस डोंगरोडोंगरी फिरून कबरी उकरी, अस्थी स्वच्छ करून पेटीत भरी आणि त्या पेट्या जहाजाने हाँगकाँगला रवाना होत. तेथे १८७० मध्ये स्थापन झालेले तुंग वा रुग्णालय त्या उतरवून घेई आणि गावोगावच्या आप्तांकडे पोहोचवी. मरण ही तेथे तात्पुरती मुक्कामाची बाब होती. खरे दफन घरी व्हावयाचे होते.

गोऱ्या समाजाला हे रुचले नाही. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने सार्वजनिक आरोग्याच्या नावाखाली कायदा करून अस्थी उकरण्यास दहा डॉलर शुल्काचा परवाना आवश्यक केला. १८८० मध्ये न्यायालयानेही तो उचलून धरला. जिवंतपणी कर भरणाऱ्या चिन्याला घरी परतण्यासाठी मेल्यावरही कर भरावा लागला. संघांनी तो भरला आणि पेट्या जात राहिल्या.

हीच प्रथा न्यूझीलंडमधील ओटागोच्या सोन्याच्या खाणींवरील चिन्यांनीही चालविली. १८८३ मध्ये २३० जणांच्या अस्थी मायदेशी पोहोचल्या. पुढे १९०२ मध्ये ४९९ जणांचे अवशेष घेऊन ‘व्हेंटनॉर’ ही आगबोट वेलिंग्टनहून निघाली. त्यांत या कार्यात पुढाकार घेणारे डनीडिनचे व्यापारी चोई स्यू हॉय यांचाही देह होता. ते आदल्या वर्षी वारले होते. बोट किनाऱ्याजवळील खडकावर आदळली आणि २८ ऑक्टोबर रोजी होकियांगाच्या समोर बुडाली. तेरा माणसे बुडाली. ज्यांनी आयुष्यभर एक घास कमी खाऊन आपल्या हाडांच्या प्रवासाची सोय केली होती, ते पुन्हा परक्या पाण्यात गेले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. काही पेट्या आणि अस्थी लाटांबरोबर होकियांगाच्या किनाऱ्यावर आल्या. तेथील ते रोरोआ आणि ते रारावा या माओरी जमातींनी त्या उचलल्या आणि आपल्या पूर्वजांच्या दफनभूमीजवळ पुरल्या. ही हाडे कोणाची, कोणत्या धर्माची, हे त्यांना ठाऊक नव्हते. ती माणसांची होती एवढे पुरेसे होते. ही हकीकत माओरी घरांत तोंडोतोंडी जपली गेली. एकविसाव्या शतकात त्या खाणकामगारांचे वंशज तेथे गेले, त्यांनी पूर्वजांना अन्न अर्पण केले आणि माओरी यजमानांचे आभार मानले. बुडालेल्या बोटीचा सांगाडा सापडल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले.

या साऱ्या हकीकतींतून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. सीमेवरच्या खाणींत माणुसकी लोपली होती, हे खरे नाही. आणि तेथे सर्व माणसे समान झाली होती, हेही खरे नाही. नातलग नाहीत म्हणून लोकांनी भागीदार, बंधुसंघ, जिल्हासंघ यांतून नवे नातलग घडविले. ज्या वर्गणीने परक्याला आपले केले तिनेच वर्गणी न भरणाऱ्याला कुंपणाबाहेर ठेवले. परप्रांतात राहणारे आपण लोकही मंडळे स्थापतो. गणेशोत्सव, नाटक, व्याख्यान यांसाठी ती असतात असे आपण म्हणतो. परंतु एखाद्या बिऱ्हाडी अवेळी दुःख कोसळले आणि गावाकडची माणसे येण्यास दोन दिवस लागणार असले, की मंडळाचा खरा उपयोग कळतो. तेव्हा स्वयंपाक कोणी पाठवितो, भटजी कोणी शोधतो, सरण कोणी सांगतो, तार-टपालाच्या जागी आता दूरध्वनी कोणी करतो. त्या वेळी मृताचे नाव आपल्या सभासदांच्या यादीत आहे की नाही, हे पाहण्याची कोणास आठवण न व्हावी. होकियांगाच्या किनाऱ्यावर पेट्या लागल्या तेव्हा कोणी यादी मागितली नव्हती.